‘स’वाली की ‘व’वाली?

गेल्या महिन्यात आमच्या फॅमिली व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोल आला. माझ्या चुलतभावाला, म्हणजे दादाला, दुसरी मुलगी झाली होती. पहिली तीन वर्षांची आहे, तिचं नाव आर्वी. आता दुसरीचं काय ठेवायचं? पर्याय चार होते: आन्वी, आर्ना, आर्या आणि आरवा. अर्ध्या तासात ‘आन्वी’ला अकरा मतं पडली. काकूनं लिहिलं, ‘आर्वी-आन्वी! ऐकायलाच किती गोड!’ त्यावर बदामांचा पाऊस.

मी मत दिलं नाही. रात्री दादाचा वेगळा मेसेज आला. ‘काय गं, तू आत्या आहेस ना? बाळाच्या कानात नाव तूच सांगणारेस. तुझं मत कुठाय?’

मत होतं. पण ते एका इमोजीत मावणारं नव्हतं.

माझं नाव मानसी. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेल्या बहिणीचं नाव मानवी.

आमच्या घरी लँडलाइन होता तेव्हापासून एक प्रश्न आम्ही ऐकत आलोय: “कोण बोलतंय? ‘स’वाली की ‘व’वाली?” इंग्रजीत लिहिलं तरी दोन्ही नावांत एकाच अक्षराचा फरक. तिचं कुरिअर माझ्या नावानं येतं, माझं रिझर्व्हेशन तिच्या नावानं होतं. एकदा एका बँकेत माझ्या खात्याला तिचा पॅन जोडला गेला आणि ते निस्तरायला दोन महिने लागले. काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही कार्डं शेजारी ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “मग तुम्ही जुळ्या का?” आम्ही जुळ्या नाही. आमच्यात दोन वर्षं, चार इंच उंची आणि स्वभावाचं एक अख्खं समुद्रपार अंतर आहे. पण कागदावर आमच्यात फक्त एक ‘स’ आणि एक ‘व’ आहे.

आपल्याकडे हे जास्त बोचतं, कारण मराठी माणसाचं पूर्ण नाव तीन शब्दांचं असतं आणि त्यातले दोन शब्द भावंडांना आयतेच सारखे मिळतात. वडिलांचं नाव तेच, आडनाव तेच. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचंही नाव लावायचं असा नियम महाराष्ट्रात झाला. चांगलाच झाला. पण भावंडांची आईसुद्धा बहुतेक वेळा एकच असते. म्हणजे आता चारपैकी तीन शब्द सारखे. वेगळं असण्याचं सगळं काम एकट्या पहिल्या शब्दानं करायचं, आणि तोच शब्द आपण हौसेनं बहिणीच्या नावावरून बेतायचा.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्या टीमचं बरंचसं आयुष्य ‘हा ग्राहक आणि तो ग्राहक एकच आहे का?’ हे शोधण्यात जातं. त्यासाठी एक जुनं माप वापरतात, लेव्हेन्श्टाइन अंतर. व्लादिमीर लेव्हेन्श्टाइन या रशियन गणितज्ञानं ते १९६५ साली मांडलं. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला कमीत कमी किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात, ते मोजायचं. मानसी ते मानवी: एक. आर्वी ते आन्वी: एक. कॉम्प्युटरच्या लेखी हे अंतर इतकं कमी आहे की आमचा प्रोग्रॅम अशा दोन नोंदी बघितल्या की त्यांना ‘बहुधा एकच व्यक्ती, टायपिंगची चूक’ असा शेरा मारतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी गंमत म्हणून आम्हा दोघींची नावं त्यात टाकून पाहिली होती. उत्तर वाचून हसले होते. मग जरा वेळानं हसू गेलं.

त्याआधीचा एक शोध मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९५० साली रिचर्ड हॅमिंग या बेल लॅब्जमधल्या गणितज्ञानं एक निबंध प्रसिद्ध केला. संदेश पाठवताना एखादं चिन्ह चुकणारच, हे त्यानं धरून चाललं. मग उपाय काय? तर वापरायचे शब्दच एकमेकांपासून लांब लांब ठेवायचे. म्हणजे एखादं चिन्ह बिघडलं तर जे तयार होईल ते निरर्थक असेल, आणि ऐकणाऱ्याला लगेच कळेल की काहीतरी गडबड आहे. शब्द जवळजवळ ठेवले, तर एक चिन्ह बिघडलं की थेट दुसरा खरा शब्द तयार होतो, आणि चूक झाली हे कुणालाच कळत नाही.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी सरांनी हे फळ्यावर शिकवलं, तेव्हा मला सातवीतली एक सोमवारची सकाळ आठवली.

शाळेत चित्रकलेची स्पर्धा झाली होती. पाचवी ते सातवी असा एकच गट होता, म्हणून आम्ही दोघी त्यात होतो. मी दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य काढला होता, जो त्या वयात सगळेच काढतात. मानवीनं पावसात थांब्यावर उभी असलेली एसटी काढली होती. खिडकीतून एक हात बाहेर आलेला, तळव्यावर पाणी झेलणारा. सोमवारी प्रार्थनेनंतर बाईंनी निकाल वाचला. पहिलं बक्षीस: मानसी, आणि पुढे वडिलांचं नाव, आडनाव. मी स्टेजवर गेले. टाळ्या वाजल्या. प्रमाणपत्र घेऊन खाली उतरताना बाजूच्या बोर्डावर बक्षीसपात्र चित्र लावलेलं दिसलं. ती एसटी होती.

मला कळायला एक क्षणही लागला नाही. बाईंच्या यादीत कुणीतरी ‘व’च्या जागी ‘स’ लिहिला होता. माझं नाव रोहिणी असतं, तर ही चूक घडलीच नसती. मानवीच्या नावात एक अक्षर चुकलं असतं, तर मानशी किंवा मानली अशी कुणीतरी झाली असती. त्या नावाची मुलगी शाळेत नव्हती. बाईंनी यादी परत पाहिली असती, विचारलं असतं. पण आमच्या बाबतीत चुकीचं नावसुद्धा एका खऱ्या मुलीचं होतं, आणि ती मुलगी गप्प राहिली.

घरी आल्यावर मी मानवीला सांगितलं. म्हणजे पूर्ण सांगितलं नाही. “तुझं चित्र छान होतं” इतकंच म्हणाले. ती पाचवीत होती. प्रमाणपत्राकडे बघत ती म्हणाली, “असू दे ताई. एकच आहे.” बाबांनी ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. माझं लग्नाचं वय झालं म्हणून नातेवाईक घर बघायला येऊ लागले, तेव्हाही ते तिथंच होतं.

‘एकच आहे.’ हे दोन शब्द मला बारा-पंधरा वर्षं पुरलेत.

आता कुणी म्हणेल, नावात काय आहे? जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३च्या ‘अ सिस्टिम ऑफ लॉजिक’मध्ये म्हटलंय की विशेषनामाला स्वतःचा अर्थ नसतो, ते फक्त वस्तूकडे बोट दाखवतं. सॉल क्रिपकी या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९७०मध्ये दिलेल्या व्याख्यानांत ही कल्पना आणखी पुढे नेली. सुरुवातीला एकदा नामकरण होतं आणि तिथून ते नाव एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात राहतं. साखळीचं पहिलं टोक मात्र त्या माणसाशीच बांधलेलं असतं. कॉलेजच्या लायब्ररीत हे वाचताना मला वाटलं, हा तर आमच्या बारशाबद्दल बोलतोय. पाळण्याशी वाकलेली आत्या, बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’, मागून पाठीत बसणारे धपाटे, मग घुगऱ्या. साखळीची पहिली कडी तिथं घातली जाते. मिलचं मान्य केलं, नावाचं काम फक्त बोट दाखवणं आहे असं धरलं, तरी प्रश्न उरतोच. बोट कुणाकडे आहे हे कळायला नको का?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लता, मीना, आशा, उषा. चारही नावं दोन-दोन अक्षरी, चारही आकारान्त, त्यात आशा-उषा तर सरळ जोडी. कुणाचा कधी घोटाळा झाला? नाही झाला. पण मला वाटतं, आपण हे उदाहरण उलटं वाचतो. त्या बहिणींना नावांनी वेगळं केलं नाही, त्यांच्या गळ्यांनी केलं. नुसतं वेगळं ओळखलं जाण्यासाठी एखाद्या मुलीला आशा भोसले व्हावं लागणार असेल, तर ती अट जरा जास्तच झाली.

मग आपण अशी नावं ठेवतो तरी का? मला आधी वाटायचं, हौस म्हणून. जुळणारी नावं पत्रिकेवर छान दिसतात, दाराच्या पाटीवर छान दिसतात, स्टेटसला छान दिसतात. पण ती छान दिसतात ती जोडीनं, आणि जोडी फक्त आईवडिलांना दिसते. मुलाला त्याचं नाव एकेकट्यानं वापरावं लागतं. हजेरीत, इंटरव्ह्यूत, दवाखान्यात तुमच्या बाजूला तुमचं यमक उभं नसतं. जुळणारी नावं ही मुलांच्या संचाला दिलेली नावं आहेत, असं माझं मत झालं होतं. आणि नाव हे आईवडिलांचं बोलणं असतं, ते मुलाच्या अंगावर कायमचं राहतं. याचं टोकाचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २०११ साली साताऱ्यात ‘नकुशा’, म्हणजे नकोशी, हे नाव घेऊन वाढलेल्या २८०हून जास्त मुलींचं समारंभ करून नवं नामकरण झालं. तिथं आईवडिलांची निराशा मुलीचं नाव झाली होती. आर्वी-आन्वी हे त्याच्या पासंगालाही नाही, इथं तर नुसतं प्रेम आहे. पण दोन्हीकडे नाव ठेवणारा स्वतःबद्दल बोलत होता, एवढं साम्य मला दिसत होतं.

या तयारीनिशी मी आईला फोन केला. दादाला काय लिहायचं ते ठरवण्याआधी तिला विचारावंसं वाटलं. “आई, आमची नावं अशी का ठेवलीस गं?”

ती म्हणाली, “का? परत बँकेत काही झालं का?”

“नाही. सहज.”

ती जरा थांबली. मग म्हणाली, “मालनमावशी मला काय म्हणते?”

“शालू.”

“ते लाडाचं नाव नाही. माझं नाव शालन होतं. शालन-मालन. गावात आम्हाला कुणी एकेकटीला हाकच मारायचं नाही. लग्नात तांदळात सुजाता लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. नाव छानच होतं, तुझ्या बाबांनी आवडीनं ठेवलेलं. पण घरी परतल्यावर मालन रडली. म्हणाली, आता मी कुणाची मालन?”

मी काहीच बोलले नाही.

“तुम्ही दोघी मुली. आडनाव बदलणार, मधलं नाव बदलणार. म्हटलं पहिलं नाव तरी असं ठेवावं की बघणाऱ्याला कळलं पाहिजे, या बहिणी आहेत. शालन आता माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर आहे फक्त.”

मी संचाबद्दल, स्टेटसबद्दल जे काही मनात रचलं होतं, ते सगळं त्या फोनमध्ये आडवं झालं. जिच्या नावाचा धागा एकदा तोडला गेला, तिनं मुलींच्या नावात तो दुहेरी घातला होता. त्याला हौस म्हणणं अन्यायाचं होतं. आणि गंमत म्हणजे, मी आणि मानवी दोघींनीही ठरवलंय की लग्न झालं तरी नाव बदलायचं नाही. आईनं ज्या वादळासाठी दोर बांधला, ते आमच्या वाट्याला येणारच नाही. दोर मात्र आहे.

आई आम्हाला हाका मारतानाही चुकते. आधी मानवी म्हणते, मग मानसी, आणि घाईत असली तर मध्येच मांजराचं नाव. मी हे माझ्या नावाच्या खाती जमा धरत होते. पण २०१६ साली ‘मेमरी अँड कॉग्निशन’ या नियतकालिकात ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांचा यावर एक अभ्यास आला होता. त्यांनी १,७००हून जास्त लोकांकडून अशा चुकांची माहिती घेतली. लोक नाव चुकतात ते बहुतेक एकाच नात्याच्या गटात: मुलांची नावं मुलांत, मित्रांची मित्रांत. नावांचा उच्चार सारखा असेल तर चूक व्हायला मदत होते, पण दिसण्यातल्या सारखेपणाचा फारसा संबंध नसतो. कुत्र्याचं नावही अनेकांच्या घरी या यादीत होतं, मांजराचं मात्र तसं नाही. आमचं घर बहुधा अपवाद. थोडक्यात, आई चुकते कारण तिच्या डोक्यात आम्ही एकाच कप्प्यात आहोत, तिच्या माणसांच्या. नावं वेगळी असती तरी ती चुकलीच असती, कदाचित जरा कमी.

मग माझी तक्रार नेमकी कशाबद्दल होती? ते मला ठाऊक होतं, फक्त इतकी वर्षं मी ते नावावर ढकललं होतं. मी मानवीला फोन लावला. ती बंगळुरूला असते. रात्रीचे साडेअकरा झाले होते.

“एसटीचं चित्र आठवतं?” मी विचारलं.

“पावसातली?” ती लगेच म्हणाली. इतक्या लगेच, की मला कळलं तिलाही ते पंधरा वर्षं आठवतंय.

मी पूर्ण सांगितलं. स्टेज, बोर्ड, यादीतलं अक्षर, हॅमिंगसुद्धा सांगितला. आपली नावं अशी होती म्हणून चूक पकडली गेली नाही, असं म्हणाले.

ती म्हणाली, “ताई, नाव चुकलं ते बाईंचं. मला त्याचं काही नाही वाटलं. तू खाली उतरताना बोर्डाकडे बघितलंस, मी रांगेतून बघत होते. मला वाटलं तू आता परत वर जाशील.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सॉरी म्हणाले. फार उशिराचं सॉरी होतं ते. ती म्हणाली, “ठीकय. पण ‘एकच आहे’ हे मी मोठेपणानं नव्हतं म्हटलं. मला तेव्हा खरंच वाटायचं की आपण एकच आहोत, आणि त्यातली तू जास्त.”

एकसारख्या नावांबद्दलचा माझा खरा मुद्दा मला तिच्या या वाक्यात सापडला. नाव कुणाला अन्याय करायला लावत नाही. तो मी केला. पण दोन नावं इतकी जवळ असली की एकीचं दुसरीकडे सहज सांडतं, आणि ते बहुतेक वेळा धाकटीकडून थोरलीकडे सांडतं, कारण लोकांना आधी थोरलीचं नाव पाठ झालेलं असतं. धाकटी ही ‘तीच, पण एक अक्षर वेगळी’ अशी ओळखली जाते. तिच्या वाट्याचं नाव तिला पूर्ण मिळतच नाही, उरलेलं मिळतं.

मग आईच्या दोराचं काय? भावंडांची नावं एकमेकांना ओळखणारी असू नयेत का? असावीत की. आपल्याकडे याचं सगळ्यात सुंदर उदाहरण सातशेहून जास्त वर्षं जुनं आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. चारही नावं कानाला पूर्ण वेगळी. अंधारात हाक मारली तरी घोटाळा होणार नाही. पण क्रमानं वाचली तर संसारापासून मागे वळणं, ज्ञान, जिना आणि मुक्ती, असा एक अख्खा रस्ता होतो. चौघांच्या समाध्याही वेगवेगळ्या ठिकाणी: त्र्यंबकेश्वर, आळंदी, सासवड, मुक्ताईनगर. एकमेकांपासून इतके लांब असूनही त्यांना कुणी वेगळं काढत नाही. नातं यमकात नसलं तरी चालतं. ते अर्थात असलं तर कदाचित जास्त टिकतं.

दादाला मी हे सगळं लिहिलं नाही. त्याला शनिवारी भेटायला गेले आणि दोनच गोष्टी सांगितल्या: एसटीची आणि शालन-मालनची. त्याला दुसरी माहीत नव्हती. वहिनी बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होती. म्हणाली, “पण मला काहीतरी सारखं हवंय ताई. आर्वीला वाटायला नको की हिच्यात नि माझ्यात काहीच नाही.”

तेवढ्यात आजी बोलली. तिनं बाळाची पत्रिका मांडून घेतली होती आणि गेले पंधरा दिवस कुणी तिला विचारलंच नव्हतं. “रोहिणी नक्षत्र, पहिला चरण. ‘ओ’ येतो.” सगळे हसले. ‘ओ’वरून काय ठेवणार, ओंकार? पत्रिकेतल्या नावरस नावावर माझा विश्वास नाही. पण त्या पद्धतीत प्रत्येक मुलाचं अक्षर त्याच्या स्वतःच्या जन्मवेळेवरून निघतं, मोठ्या भावंडाच्या नावावरून नाही, हे मला पहिल्यांदाच जाणवलं.

“ओवी,” वहिनी म्हणाली.

आर्वी आणि ओवी. ‘वी’ दोघींत राहिला, तिला हवा होता तेवढा. मी मनातल्या मनात अंतर मोजलं. फार लांब नाही, पण दारातून हाक मारली तर कळेल इतकं.

बारसं गेल्या रविवारी झालं. मानवी व्हिडिओ कॉलवर होती. मालनमावशी आली होती, आणि आईनं तिच्या हातात घुगऱ्यांचं ताट देताना मी तिला चुकून नाही तर मुद्दाम ‘शालन’ अशी हाक मारून पाहिली. दोघींनी एकदम वळून बघितलं. मग पाळण्याशी वाकून मी बाळाच्या कानात नाव सांगितलं, पाठीत धपाटे खाल्ले, आणि उठून मोठ्यानं म्हटलं, “ओवी!”

आर्वी कोपऱ्यात ब्लॉक्सचा मनोरा रचत बसली होती. तिनं मान वर केली नाही. तिला कुणी बोलावलंच नव्हतं.